महाराष्ट्राची कारागृहे : बंदोबस्तापासून पुनर्वसनापर्यंत

तुरुंगात गेलेला जवळजवळ प्रत्येक माणूस कधी ना कधी बाहेर येतो. जन्मठेपेचा बंदीही बहुधा येतोच. तो आपल्याच गावी परततो, आपल्याच एसटीत बसतो, आपल्याच बाजारात काम मागतो. त्यामुळे आत त्याचे काय होते, हा प्रश्न गृहखात्यापुरता उरत नाही. तो साऱ्या समाजाचा होतो. महाराष्ट्र कारागृह विभागाने ‘सुधारणा व पुनर्वसन’ हे ब्रीद घेतले ते याच जाणिवेतून. मात्र ज्यांनी हे तुरुंग बांधले त्यांच्या मनात हे ब्रीद नव्हते. बंदोबस्त आणि जरब एवढ्याच हेतूने उभारलेल्या या व्यवस्थेला इथवर यायला दोन शतके लागली, आणि वाट अजून सरलेली नाही. त्या वाटचालीकडे पाहताना एक गोष्ट पुनःपुन्हा ध्यानात येते. या संस्थेच्या इतिहासातली अभिमानाची पाने बंद्यावर विश्वास टाकल्यामुळे लिहिली गेली आहेत. हा लेख मुख्यतः त्या पानांविषयी आहे. पण जिथे उणीव राहिली तिचीही नोंद इथे केली आहे, कारण तिच्याशिवाय इतिहास पुरा होत नाही.

किल्ले, कोठड्या आणि सडका

पेशवाईपर्यंत आपल्याकडे आजच्यासारखे तुरुंग नव्हते. राजबंद्यांना आणि मोठ्या गुन्हेगारांना गडावर ठेवीत, बेडी घालून गडाच्याच कामावर राबवीत. ठरावीक वर्षांची कैद हीच मुख्य शिक्षा, ही पद्धत कंपनी सरकारने रूढ केली. त्यासाठी इमारती हव्या होत्या, आणि सुरुवातीला हाताशी होते ते किल्लेच. ठाण्याचे मध्यवर्ती कारागृह आजही अशाच एका किल्ल्यात आहे. पोर्तुगीजांनी १७३० मध्ये तो बांधायला घेतला, १७३७ च्या साष्टीच्या मोहिमेत चिमाजी अप्पांच्या फौजेने तो जिंकला आणि १७७४ मध्ये तो इंग्रजांच्या हाती गेला. तीन सत्तांनी वापरलेल्या त्या तटबंदीच्या आत आजही रोज बंद्यांची मोजणी होते.

महाबळेश्वरची हकीकत फारशी कोणाला ठाऊक नसते. मलाक्का सामुद्रधुनीकडच्या इंग्रजी वसाहतींतून चिनी आणि मलायी कैद्यांना शिक्षा भोगायला तेथे आणले गेले. १८३० च्या दशकात त्यांच्यासाठी तुरुंग बांधला गेला आणि तो १८६४ पर्यंत चालला. या कैद्यांनी तिथल्या डोंगरउतारावर बटाट्याची आणि भाजीपाल्याची लागवड केली, टोपल्या विणल्या, रस्त्यांवर काम केले. सुटल्यावर त्यांतले काही तिथेच स्थायिक झाले. परक्या मुलखातला, भाषा न जाणणारा कैदी मोकळ्या रानात काम करतो आणि पळून न जाता तिथलाच होऊन राहतो, हा अनुभव सरकारच्या पदरी तेव्हाच पडला होता. त्यापासून धडा घ्यायला मात्र शंभर वर्षे गेली.

कारण राज्यकर्त्यांचा विचार नेमका उलट्या दिशेने चालला होता. मेकॉले यांच्या सूचनेवरून १८३६ मध्ये तुरुंगशिस्तीसाठी समिती नेमली गेली आणि १८३८ मध्ये तिचा अहवाल आला. कैद्यांना सडकांवर कामाला नेणे थांबवावे, त्यांना भिंतींआड ठेवून कंटाळवाणे आणि कष्टाचे काम द्यावे, असा तिचा कल होता. शिक्षण किंवा संस्कार यांनी कैदी सुधारतो, यावर समितीचा भरवसा नव्हता. पुढची कितीतरी वर्षे हाच विचार तुरुंगांच्या बांधणीत उतरला. १८६४ च्या दुसऱ्या समितीने निदान माणसाला किती जागा आणि किती हवा लागते याचा हिशेब मांडला. दर कैद्यामागे चोपन्न चौरस फूट जागा असावी असे सुचवले. त्याच सुमारास नागपूरचे (१८६४) आणि अमरावतीचे (१८६६) मध्यवर्ती कारागृह उभे राहिले. १८७१ मध्ये पुण्याजवळ येरवड्याचे कारागृह सुरू झाले. पाचशे एकरांहून अधिक आवार असलेले हे कारागृह पुढे देशातल्या सर्वांत मोठ्या कारागृहांत गणले गेले.

मुंबईत त्याआधीपासून डोंगरीचा तुरुंग होता. कोल्हापूर प्रकरणातल्या बदनामीच्या खटल्यात टिळक आणि आगरकर यांना १८८२ मध्ये चार महिन्यांची साधी कैद झाली, ती त्यांनी तिथे भोगली. सुटून आल्यावर आगरकरांनी ‘डोंगरीच्या तुरुंगातील आमचे एकशे एक दिवस’ हे पुस्तक लिहिले. आतल्या अन्नाचे, जागेचे, वागणुकीचे जिवंत चित्र मराठी वाचकासमोर आले ते या छोट्या पुस्तकाने. तुरुंगाविषयीच्या मराठी लेखनाचा तो आरंभ मानायला हरकत नाही.

१८९४ चा कायदा

या साऱ्या व्यवस्थेला एक चौकट मिळाली ती १८९४ च्या कारागृह अधिनियमाने. अधीक्षक, तुरुंगाधिकारी आणि वैद्यकीय अधिकारी यांची कर्तव्ये त्यात ठरली. स्त्रिया आणि पुरुष, न्यायाधीन आणि सिद्धदोष, दिवाणी आणि फौजदारी अशी बंद्यांची विभागणी सक्तीची झाली. मनमानीला काही प्रमाणात आळा बसला. पण त्याच कायद्यात बेड्या, एकांतकोठडी आणि फटके या शिक्षाही होत्या. बंदी सुरक्षित ठेवणे आणि शिस्त राखणे हा त्याचा गाभा होता. सुटल्यावर त्याने काय करावे, याविषयी तो मुका होता. असा कायदा स्वातंत्र्यानंतरही अनेक दशके कारागृहांचा आधार राहिला, हे लक्षात घेतले म्हणजे आतले बदल इतके सावकाश का झाले ते कळते.

दिनक्रमही त्याच काळात घट्ट बसला. पहाटे बराक उघडणे, मोजणी, न्याहारी, कामाचे वाटप, दुपारची बंदी, पुन्हा मोजणी, आणि सूर्यास्ताच्या आत जेवण देऊन बराकींना कुलूप. येरवड्याच्या गालिच्यांना आणि सुतारकामाला त्या काळी मागणी होती. छपाई, विणकाम, चामड्याचे काम हे उद्योग तेव्हापासून कारागृहात रुजले. हेतू सरकारचा खर्च भागवण्याचा होता. पण हात कामाला लागले की माणूस सावरतो, हे सुज्ञ अधिकाऱ्यांना दिसत होते. १९१९-२० मध्ये सर अलेक्झांडर कार्ड्यू यांच्या अध्यक्षतेखालील समितीने अनेक देशांतले तुरुंग पाहून अहवाल दिला. कैद्याला सुधारणे हेही तुरुंगाचे काम आहे, हे सरकारी कागदावर ठळकपणे आले ते त्या अहवालात. मुंबई इलाख्यात १९२९ मध्ये तरुण गुन्हेगारांसाठी बोर्स्टल शाळांचा कायदा झाला आणि १९३८ मध्ये परिवीक्षेचा, म्हणजे तुरुंगात न धाडता देखरेखीखाली सोडण्याचा कायदा झाला.

राजबंद्यांचा काळ

महाराष्ट्राच्या कारागृहांना देशाच्या इतिहासात जे स्थान आहे ते स्वातंत्र्यलढ्यामुळे. येरवड्यात १८९८ आणि १८९९ मध्ये दामोदर, वासुदेव आणि बाळकृष्ण हे तिघे चापेकर बंधू आणि महादेव रानडे फासावर गेले. दामोदरपंतांनी आपले आत्मवृत्त याच तुरुंगात लिहिले. ठाण्याच्या तुरुंगात १९ एप्रिल १९१० रोजी अनंत कान्हेरे, कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे यांना फाशी झाली. अंदमानहून परत आणलेले सावरकर रत्नागिरीच्या तुरुंगात राहिले आणि येरवड्यातून जानेवारी १९२४ मध्ये सुटले.

महात्मा गांधींचे येरवड्याशी नाते सर्वांत दीर्घ. १९२२ मध्ये सहा वर्षांची शिक्षा झाल्यावर ते इथे आले. जानेवारी १९२४ मध्ये ससून रुग्णालयात त्यांच्या अपेंडिक्सवर शस्त्रक्रिया झाली आणि पुढच्या महिन्यात त्यांची सुटका झाली. १९३० मध्ये ते पुन्हा इथे होते. आश्रमवासीयांना दर आठवड्याला लिहिलेल्या पत्रांवर ते या जागेचा उल्लेख ‘येरवडा मंदिर’ असा करीत. पेटीत घडी करून ठेवता येणारा चरखाही याच तुरुंगाच्या नावाने ओळखला जातो. १९३२ च्या कैदेत वल्लभभाई पटेल आणि महादेवभाई देसाई त्यांच्यासोबत होते. त्याच वर्षी २० सप्टेंबरला गांधींनी उपोषण सुरू केले, डॉ. बाबासाहेब आंबेडकर वाटाघाटींसाठी कारागृहात आले आणि २४ सप्टेंबरला पुणे करारावर सह्या झाल्या. देशाच्या राजकारणाला वळण देणारी ती बोलणी येरवड्याच्या आवारात, आंब्याच्या झाडाखाली झाली. ११ फेब्रुवारी १९३३ रोजी ‘हरिजन’ साप्ताहिकाचा पहिला अंक निघाला तेव्हाही गांधी आतच होते.

या काळातल्या दोन मराठी ग्रंथांची जन्मकथा कारागृहाशी जोडलेली आहे. धुळ्याच्या तुरुंगात २१ फेब्रुवारी ते १९ जून १९३२ या काळात विनोबा दर रविवारी गीतेवर बोलत. साने गुरुजी ते शब्द टिपून घेत. ‘गीता प्रवचने’ त्यातून तयार झाली. पुढच्या वर्षी नाशिकच्या तुरुंगात ९ ते १३ फेब्रुवारी १९३३ या पाच दिवसांत साने गुरुजींनी ‘श्यामची आई’ लिहिली. प्रवचने ऐकायला बंद्यांना एकत्र बसू देणारा, लिहायला कागद मिळू देणारा कोणी अधिकारी तिथे होता, हेही विसरू नये. नियमांच्या त्याच पुस्तकातून ते सारे नाकारताही आले असते.

राजबंद्यांनी कारागृहाला आणखी एक देणे दिले. सुशिक्षित माणसे प्रथमच मोठ्या संख्येने आत गेली, कैद्यांच्या सर्वांत खालच्या ‘क’ वर्गाची भाकरी आणि पातळ आमटी त्यांनी खाल्ली, शेजारच्या बराकीतल्या अनाम बंद्याची व्यथा पाहिली. विसापूरच्या तुरुंगातले हाल सत्याग्रहींच्या तोंडून घरोघर पोचले. स्वातंत्र्यानंतर सत्ता ज्यांच्या हाती आली, त्यांतले कितीतरी जण स्वतः तुरुंग भोगून आले होते. पुढच्या सुधारणांना त्या अनुभवाचे बळ मिळाले. १९७५ च्या आणीबाणीत येरवडा, नाशिकरोड, ठाणे ही कारागृहे पुन्हा राजबंद्यांनी भरली. प्रमिला दंडवते तेव्हा येरवड्यात होत्या आणि मधु दंडवते बंगळुरूच्या तुरुंगात.

स्वतंत्रपूर

स्वातंत्र्यलढा चालू असतानाच माणदेशातल्या एका कोपऱ्यात वेगळे काही घडत होते. औंध हे बहात्तर गावांचे छोटे, विखुरलेले संस्थान. अधिपती भवानराव तथा बाळासाहेब पंतप्रतिनिधी हे चित्रकार, सूर्यनमस्काराचे प्रचारक आणि उदार वृत्तीचे राजे. त्यांचे चिरंजीव आप्पासाहेब पंत विलायतेत शिकून आले होते. मूळचे पोलंडचे आणि गांधींच्या सहवासात रमलेले अभियंते मॉरिस फ्रिडमन हेही औंधशी जोडले गेले. या मंडळींनी गांधींचा सल्ला घेऊन संस्थानाचा कारभार रयतेच्या हाती सोपवायचे ठरवले आणि जानेवारी १९३९ मध्ये तशी घटना अमलात आणली. जो राजा प्रजेवर राज्य सोपवतो, तो कैद्यावर शेत का सोपवणार नाही? त्याच वर्षी संस्थानाच्या आटपाडी महालात कैद्यांची खुली वसाहत वसवली गेली. तिचे नाव स्वतंत्रपूर.

तिथे तट नव्हता, सळया नव्हत्या, पहाऱ्याला बंदूकधारी शिपाई नव्हता. दीर्घ शिक्षेचे, त्यांत खुनाच्या गुन्ह्यातले बंदीही तिथे आणले गेले. त्यांनी जमीन कसायची, विहिरीचे पाणी द्यायचे, पिकवायचे आणि त्यावर जगायचे. सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे बायकामुलांसह राहायची मुभा होती. माणदेश हा पावसाने कायम हुलकावणी दिलेला मुलूख. तिथे शेती करणे ही मोकळ्या माणसालाही परीक्षाच. पण बंदी टिकले आणि वसाहतही टिकली. शिक्षेने घर मोडते आणि मोडलेल्या घरातून नवा गुन्हा उगवतो, हा फेरा इथे तोडला गेला होता. १९४८ मध्ये औंध मुंबई राज्यात विलीन झाले आणि वसाहत राज्याच्या कारागृह विभागाकडे आली. सांगली जिल्ह्यात ती आजही चालू आहे. संख्येने ती लहान आहे, मोजक्याच बंद्यांची सोय तिथे होते. विचाराने मात्र ती विभागाची सर्वांत मोठी ठेव आहे.

याच मातीतले ग. दि. माडगूळकर यांनी या प्रयोगावरून कथा लिहिली आणि व्ही. शांताराम यांनी तिच्यावर १९५७ मध्ये ‘दो आँखें बारह हाथ’ हा चित्रपट काढला. त्या वर्षीच्या सर्वोत्कृष्ट चित्रपटासाठी राष्ट्रपतींचे सुवर्णपदक त्याला मिळाले. १९५८ च्या बर्लिन महोत्सवात रौप्य अस्वल मिळाले. सहा खुनी कैद्यांना घेऊन माळरान पिकवणारा तो जेलर पडद्यावर देशभर पोचला. त्यामागचे खरे गाव आटपाडीजवळ आहे, हे मात्र महाराष्ट्रातही अनेकांना ठाऊक नाही.

मुक्त कारागृहांचा विस्तार

स्वातंत्र्यानंतर हा विचार देशभर रुजू लागला. उत्तर प्रदेशात संपूर्णानंद यांच्या पुढाकाराने धरणांच्या कामावर कैद्यांच्या खुल्या छावण्या उभ्या राहिल्या. मुंबई राज्याने पन्नासच्या दशकात येरवड्याला मुक्त कारागृह सुरू केले. १९६० मध्ये महाराष्ट्र राज्य झाले तोवर मुंबई इलाख्याची, मध्य प्रांत-वऱ्हाडची, निजामाच्या मराठवाड्याची आणि कोल्हापूरसारख्या संस्थानांची कारागृहे एका छत्राखाली आली होती. प्रत्येकाची रीत वेगळी, दप्तर वेगळे, आहाराचे प्रमाण वेगळे. ते सारे एका नियमावलीत बसवणे हे विभागाचे त्या काळातले न दिसणारे पण मोठे काम होते.

१९६८ मध्ये पैठणला मुक्त कारागृह सुरू झाले. जायकवाडी धरणाचे काम तेव्हा चालू होते. शिक्षेचा ठरावीक भाग चांगल्या वर्तनाने पार केलेला बंदी मुक्त कारागृहासाठी पात्र ठरतो. तिथे तो शेती, दुग्धव्यवसाय, बागकाम करतो, मजुरी कमावतो आणि बंदिस्त कारागृहापेक्षा शिक्षेत जास्त माफी मिळवतो. पुढे मध्यवर्ती कारागृहांच्या जोडीनेही मुक्त कारागृहे निघाली आणि येरवड्यात महिलांसाठी मुक्त कारागृह झाले.

विश्वासाची दुसरी वाट रजेची. १९५९ च्या नियमांनी संचित रजा, म्हणजे फर्लो, आणि अभिवचन रजा, म्हणजे पॅरोल, यांची घडी बसवली. वर्षातून काही दिवस घरी जायचे, नांगरट-पेरणी पाहायची, लेकीच्या लग्नाला उभे राहायचे, आईच्या आजारपणात उशाशी बसायचे आणि ठरल्या तारखेला स्वतःच्या पायांनी फाटकाशी हजर व्हायचे. जे परतले नाहीत त्यांच्या बातम्या होतात. वर्षानुवर्षे मुकाट्याने परतणाऱ्यांची कोणी बातमी करत नाही. पण रजेची ही पद्धत उभी आहे ती त्यांच्या भरवशावर.

न्यायालयांनी घालून दिलेली वाट

कारागृहांच्या सुधारणेत न्यायालयांचा वाटा मोठा आहे आणि त्यांतले काही महत्त्वाचे निर्णय महाराष्ट्रातूनच गेलेल्या प्रकरणांवर झाले. प्रभाकर संझगिरी हे भारत संरक्षण नियमांखाली मुंबईच्या आर्थर रोड तुरुंगात स्थानबद्ध होते. आत असताना त्यांनी ‘अणूच्या अंतरंगात’ हे विज्ञानावरचे मराठी पुस्तक लिहिले. हस्तलिखित छपाईसाठी बाहेर पाठवायला सरकारने परवानगी नाकारली. उच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला, सरकार अपिलात गेले आणि सप्टेंबर १९६५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही संझगिरींचाच हक्क मान्य केला. स्थानबद्धतेच्या आदेशात जी बंधने लिहिलेली नाहीत ती प्रशासनाला नव्याने लादता येत नाहीत, हे त्या निकालाचे सार. भिंतीआडही माणसाचे काही हक्क शाबूत राहतात, हे तत्त्व एका मराठी विज्ञानग्रंथामुळे पक्के झाले.

१९८३ मध्ये पत्रकार शीला बर्से यांच्या पत्रावरून सर्वोच्च न्यायालयाने महिला बंद्यांची दखल घेतली. स्त्रियांसाठी वेगळ्या कोठड्या, चौकशीच्या वेळी महिला पोलीस आणि मोफत विधीसाहाय्य यांविषयी आदेश दिले. त्याच वर्षी न्यायमूर्ती आनंद नारायण मुल्ला यांच्या समितीने देशातल्या कारागृहांविषयी आपला अहवाल दिला. आजही सुधारणेचा कोणताही आराखडा त्याला टाळून पुढे जाऊ शकत नाही. आईसोबत कारागृहात राहणाऱ्या सहा वर्षांपर्यंतच्या मुलांच्या आहार, शिक्षण आणि आरोग्याची जबाबदारी २००६ च्या निकालाने स्पष्ट झाली. आणि ३ ऑक्टोबर २०२४ रोजी, पत्रकार सुकन्या शांता यांच्या याचिकेवर, जातीवरून कामे वाटणारे कारागृह नियम सर्वोच्च न्यायालयाने घटनाबाह्य ठरवले. स्वयंपाक एकाने करायचा आणि संडास दुसऱ्याने साफ करायचे, ही वाटणी जन्मावरून ठरवणारी वाक्ये देशातल्या नियमपुस्तकांत इतकी वर्षे राहिली, याची खंत या व्यवस्थेशी संबंधित प्रत्येकाने बाळगली पाहिजे.

आजची कारागृहे

आज राज्यात येरवडा, मुंबई, ठाणे, तळोजा, नाशिकरोड, छत्रपती संभाजीनगरचे हर्सूल, कोल्हापूरचे कळंबा, नागपूर आणि अमरावती ही नऊ मध्यवर्ती कारागृहे आहेत. त्यांखेरीज जिल्हा कारागृहे, मुक्त कारागृहे आणि स्वतंत्रपूरची खुली वसाहत. येरवड्याला तुरुंगाधिकाऱ्यांसाठी दौलतराव जाधव प्रशिक्षण महाविद्यालय आहे. येरवड्याच्या कारागृह मुद्रणालयात सरकारी छपाई होते; नाशिकच्या बंद्यांनी घडवलेल्या गणेशमूर्तींना भाविकांची पसंती असते. यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाची अभ्यासकेंद्रे आत चालतात, आणि शिक्षण पूर्ण करणाऱ्या बंद्याला विशेष माफी मिळते. टाटा समाजविज्ञान संस्थेच्या ‘प्रयास’ प्रकल्पाचे समाजकार्यकर्ते १९९० पासून बंद्यांसोबत काम करीत आहेत; वकील मिळवून देण्यापासून सुटल्यावर रोजगार शोधून देण्यापर्यंत.

अलीकडच्या उपक्रमांत दोन विशेष नोंदवावेत असे आहेत. पहिला ‘गळाभेट’. एरवीच्या मुलाखतीत काच किंवा जाळी मध्ये असते. या दिवशी बंदी आपल्या लेकरांना जवळ घेतो, त्यांच्यासोबत बसून खातो. नागपुरातून सुरू झालेला हा कार्यक्रम इतर कारागृहांतही पोचला. दुसरा ‘जिव्हाळा’. महाराष्ट्र राज्य सहकारी बँकेने २०२२ मध्ये येरवड्यापासून सुरू केलेल्या या योजनेत बंद्याला पन्नास हजार रुपयांपर्यंत कर्ज मिळते, आणि त्याची परतफेड तो आपल्या कारागृहातल्या मजुरीतून करतो. मुलांची फी, घरातले आजारपण, वकिलाचा खर्च यांसाठी तो पैसा घरी जातो. आतला बाप पुन्हा घर चालवणारा माणूस होतो. कोविडच्या साथीत मुलाखती बंद पडल्या तेव्हा सुरू झालेली दृक्‌श्राव्य भेटही दूरच्या गावातल्या कुटुंबांना मोठा आधार ठरली.

या साऱ्यामागे रक्षक आणि तुरुंगाधिकारी यांची मेहनत आहे. सणासुदीला घरी नसणे, रात्रपाळीचे पहारे, मंजूर पदे रिकामी असल्याने पडणारा दुहेरी भार, हे त्यांच्या वाट्याला नेहमीच येते. बंद्याइतकाच काळ तेही त्या भिंतींआड घालवतात. समाजाने त्यांची दखल फार कमी घेतली आहे.

राहिलेले काम

उणिवाही तितक्याच स्पष्ट आहेत. पहिली गर्दीची. राज्यातल्या बंद्यांची संख्या चाळीस हजारांच्या घरात गेली आहे, आणि ती अधिकृत क्षमतेच्या कितीतरी पुढे आहे. मुंबईच्या आर्थर रोड कारागृहात शेकडोंसाठी बांधलेल्या जागेत हजारो माणसे राहतात. कुशीवर वळायला जागा नसलेल्या बराकीत सुधारणेचा कोणताही वर्ग नीट चालू शकत नाही. दर माणशी किती जागा लागते याचा हिशेब १८६४ मध्येच मांडून झाला होता, ही गोष्ट विसरून चालणार नाही.

दुसरी उणीव पहिलीचे मूळ आहे. दर चार बंद्यांमागे तिघांहून अधिक न्यायाधीन आहेत. त्यांचा गुन्हा शाबीत झालेला नाही. त्यांतल्या कितीतरी जणांना जामीन मंजूर झालेला असतो, पण जामीनदार मिळत नाही किंवा भरायला पैसे नसतात. भटक्या जमातींतली, स्थलांतरित मजुरांतली, झोपडपट्टीतली माणसे यांत अधिक असतात. शिक्षेच्या एकूण कालावधीचा ठरावीक भाग खटल्याविनाच आत काढलेल्यांना सोडण्याची तरतूद जुन्या दंडप्रक्रिया संहितेत होती. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने पहिल्यांदाच गुन्ह्यात सापडलेल्यांसाठी ती मुदत एक तृतीयांशावर आणली. तरतूद कागदावर आहे. ती प्रत्येक बराकीत वाचून दाखवणे, पात्र बंद्यांची यादी वेळेवर न्यायालयात धाडणे आणि त्यामागे वकील उभा करणे, हे काम रोजचे आहे.

तिसरी उणीव वेदनेची आहे. २०१७ मध्ये भायखळ्याच्या महिला कारागृहात मारहाणीनंतर एका बंदिनीचा मृत्यू झाला आणि कारागृहाच्याच महिला कर्मचाऱ्यांवर खुनाचा खटला उभा राहिला. अशी नोंद करताना हात जड होतो. पण ती गाळली तर आधीच्या सगळ्या अभिमानाला अर्थ उरणार नाही. बंद्याचा जीव ज्यांच्या हाती आहे, त्यांच्यावर बाहेरच्या डोळ्यांची देखरेख हवीच. जिल्हा न्यायाधीशांच्या भेटी, अशासकीय अभ्यागत, विधी सेवा प्राधिकरणाचे वकील या सोयी त्यासाठीच आहेत आणि त्या नियमितपणे चालल्या पाहिजेत.

पुढच्या काळासाठी विभागाला परक्या देशाचा नमुना शोधायची गरज नाही. महाबळेश्वरच्या उतारावर, धुळ्याच्या रविवारच्या प्रवचनांत, स्वतंत्रपूरच्या शेतात आणि पैठणच्या मळ्यात जे सिद्ध झाले, ते आपलेच आहे. मुक्त कारागृहांतल्या जागा वाढवाव्यात, आहेत त्या रिकाम्या राहू देऊ नयेत, आणि स्त्रियांना त्यांत बरोबरीचा वाटा द्यावा. कारागृहातल्या मजुरीचे दर असे असावेत की सुटणाऱ्याच्या हाती धंदा उभा करण्याइतकी रक्कम पडेल. प्रत्येक जिल्ह्यात सुटलेल्या बंद्याला निवारा आणि पहिले काम मिळवून देणारी व्यवस्था असावी, आणि गावाने, कारखान्याने, सहकारी संस्थेने त्याच्यासाठी दार उघडे ठेवावे. औंधसारख्या छोट्या, अवर्षणग्रस्त संस्थानाला १९३९ मध्ये जे जमले, ते आजच्या महाराष्ट्राला जमलेच पाहिजे.